वाचकांचे प्रश्न : बेसबॉलच्या निवड चाचणीत गुण द्यायचे कसे?

मुलांच्या बेसबॉल संघांची निवड चाचणी या विषयावर आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांतली मापं 60 फुटांवर बेस (पळत ओळीने गाठायचे टप्पे; होमपासून निघून फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि परत होम) असलेल्या मैदानाची, म्हणजे साधारण 12 वर्षांपर्यंतच्या मुलांची आहेत.

प्रश्न : 9–10 वर्षांची 40 मुलं, दोन तास, चार परीक्षक. मागच्या चाचणीत शेवटच्या मुलांच्या वाट्याला धड चेंडूच आले नाहीत. वेळ बसवायचा कसा?

आधी चेंडू मोजा, मग वेळ आपोआप बसतो. प्रत्येक मुलाला 6 ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू), 5 फ्लाय बॉल (उंच उडवलेले चेंडू), बॅटिंगला 8 चेंडू आणि दोनदा पळणं एवढं मिळालंच पाहिजे. कुणाला कमी नाही, आणि ‘अजून एक बघू’ म्हणून कुणाला जास्तही नाही. चुणचुणीत मुलाला नकळत दहा चेंडू दिले जातात आणि अडखळणाऱ्याला चारातच बाजूला केलं जातं. बहुतेक चाचण्यांची माती होते ती इथे.

दहा-दहाचे चार गट करा, चार ठिकाणं आखा. सुरुवातीची 15 मिनिटं नावनोंदणी आणि पाठीवर नंबर लावणं, पुढची 15 मिनिटं धावणं आणि हात गरम करणं. मग प्रत्येक ठिकाणी 18 मिनिटं, आणि गट बदलायला 3 मिनिटं. दहा मुलांचे 60 ग्राउंडर दर 15 सेकंदाला एक या गतीने 15 मिनिटांत होतात. बॅटिंगला मात्र वेळ पुरत नाही, कारण हेल्मेट चढवण्यात आणि बॅट निवडण्यात मिनिटं जातात. पुढची दोन मुलं हेल्मेट घालून तयार ठेवा. बॅटिंग जाळीत घ्या, आणि धावण्यासाठी कडेला वेगळे बेस मांडा.

परीक्षकाने गटाबरोबर फिरू नये, आपल्या ठिकाणीच थांबावं. म्हणजे चाळीसही मुलांचे ग्राउंडर एकाच डोळ्याने पाहिले जातात. चेंडू मारणारा माणूस वेगळा हवा. हातात बॅट आणि काखेत गुणपत्रिका असली की दोन्ही कामं अर्धवट होतात.

प्रश्न : आम्ही 10 पैकी गुण देतो. पण सगळ्यांना 6 नाही तर 7 मिळतात.

दहाची पट्टी लांब आहे, आणि 6 म्हणजे काय हे कुणी ठरवलेलं नसतं. 5 ची पट्टी घ्या आणि प्रत्येक आकड्यापुढे डोळ्यांना दिसेल असं वर्णन लिहा. उदाहरणार्थ, थर्ड बेसवरून फर्स्ट बेसकडे फेक. अंतर साधारण 85 फूट, म्हणजे 26 मीटर.

1 – चेंडू अर्ध्यावरच पडतो किंवा दिशा अजिबात नाही.
2 – दोन-तीन टप्पे खात पोचतो.
3 – उंच कमान घेऊन किंवा एका टप्प्यात पोचतो, घेणाऱ्याला एखादं पाऊल हलावं लागतं.
4 – सरळ, छातीच्या उंचीवर.
5 – सरळ, आणि ग्लोव्हमधून हातात येऊन सुटायला वेळ लागत नाही.

असं लिहिलं की ‘बरा आहे’ म्हणून 3 देण्याची सवय मोडते. व्यावसायिक स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) 20 ते 80 ची पट्टी वापरतात, त्यात 50 म्हणजे सरासरी. ती मुलांच्या चाचणीत आणू नका; एवढे बारीक फरक सहा चेंडूंत दिसत नाहीत.

चाचणीआधी चौघा परीक्षकांनी त्याच तीन मुलांना गुण देऊन पाहावेत. एकाने 2 आणि दुसऱ्याने 4 दिले असतील तर वर्णन पुन्हा वाचा. हे सरावाचे गुण फाडून टाका. एकदा चाचणी सुरू झाली की आपसांत बोलणं बंद. ‘तो बारा नंबर पाहिला का?’ एवढं एक वाक्य सगळ्यांचे आकडे झुकवायला पुरतं.

प्रश्न : ग्राउंडरमध्ये अडवला की सुटला एवढंच पाहायचं का?

सुटला की अडवला हे सगळ्यात शेवटी पाहा. खड्ड्याला लागून उडालेला चेंडू शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्डच्या मधली जागा) निष्णात मुलालाही चकवतो, आणि ढोपराला आपटून थांबलेला चेंडू कागदावर ‘अडवला’ ठरतो.

सहा चेंडू असे द्या : दोन समोर, दोन ग्लोव्हच्या बाजूला, दोन उलट बाजूला. पहिली नजर पायांवर. चेंडू बॅटवरून निघाला की आधी पाय हलतात की नुसता ग्लोव्ह बाजूला जातो? हात लांब करून चेंडू गाठणारं मूल आज चार घेईल, पण चेंडू जरा जोरात आला की त्याच्या बगलेतून जाईल. दुसरी नजर ग्लोव्हवर. चेंडू पोचण्याआधी ग्लोव्ह जमिनीला टेकलेला हवा. खालून वर येणारा हात टप्पा उसळला तरी सावरतो, वरून खाली जाणारा हात चेंडू पायांतून सोडतो. गुडघे वाकलेत की फक्त कंबर, हेही तिथेच कळतं. तिसरी नजर चेंडू घेतल्यानंतरच्या दोन पावलांवर. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा उजवा पाय लक्ष्याला आडवा पडतो, मग डावा पाय लक्ष्याकडे जातो. हे जमत असेल तर फेक थोडी चुकली तरी चिंता नको, सरावाने सुधारते.

चेंडू सुटल्यावर मूल मागे धावतं की तुमच्या तोंडाकडे बघतं, हे शेऱ्यात लिहा. त्याला आकडा देऊ नका. चेंडू विचित्र उसळला तर तो मोजू नका, दुसरा द्या. आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी चेंडू बॅटने मारू नका, हाताने घरंगळत सोडा.

डावखुऱ्यांबद्दल एक गोष्ट. डाव्या हाताने फेकणाऱ्या मुलाला सेकंड, शॉर्टस्टॉप आणि थर्ड या जागांवरून फर्स्ट बेसकडे फेकताना अंग वळवावं लागतं, म्हणून तिथे तो सहसा खेळत नाही. त्या फेकीचे गुण कापणं अन्याय आहे. त्याला फर्स्ट बेसवर उभा करून वेड्यावाकड्या फेकी झेलायला द्या.

प्रश्न : बॅटिंगला मशीन बरं की माणसाने फेकलेला चेंडू?

मशीनचा वेग सगळ्यांना सारखा, ही जमेची बाजू. पण ज्या मुलांनी मशीन पाहिलेलंच नाही त्यांना फेकणाऱ्याचा हात दिसत नाही आणि पहिले पाच चेंडू वेळ साधण्यातच जातात. माणूस फेकत असेल तर तो पंचविसाव्या मुलापर्यंत थकतो, म्हणून दर गटाला फेकणारा बदला आणि स्ट्राइक नसलेले, म्हणजे मारण्याजोग्या टप्प्यात न आलेले चेंडू आठांत धरू नका. दोन्हींपेक्षा महत्त्वाचं, आठ चेंडूंआधी टीवरचे (चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवरचे) तीन फटके घ्या. तिथे वेळेचा प्रश्नच नसतो, नुसता स्विंग दिसतो : डोकं स्थिर आहे का, पुढचा पाय टेकल्यावर मग बॅट निघते का, कंबर हातांच्या आधी वळते का. चेंडू किती लांब गेला याला भुलू नका, त्यात बॅटचाही वाटा असतो. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूंवरही बॅट फिरवतो का, हे मात्र टिपा.

प्रश्न : पिचर (बॅटिंग करणाऱ्याला चेंडू टाकणारा) निवडताना वेग मोजणारी रडार गन लागते का?

12 वर्षांच्या आत नाही. गन दिसली की प्रत्येक मूल जीव तोडून फेकतं, आणि हात दुखतो तो तिथे. आधी 10–12 हलक्या फेकी, मग 46 फुटांवरून 15 चेंडू. किती स्ट्राइक पडले, हात दर वेळी त्याच जागेवरून सुटतो का, फेकल्यावर तोल राहतो का, एवढं पाहा.

पंधराच का? लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमांत एका दिवशीची मर्यादा 7–8 वर्षांसाठी 50, 9–10 साठी 75 आणि 11–12 साठी 85 चेंडू आहे, आणि 14 वर्षांपर्यंतच्या मुलाने सामन्यात 21 ते 35 चेंडू टाकले तर एक दिवस विश्रांती लागते. 20 पर्यंत ती लागत नाही. चाचणी सलग दोन दिवस असेल तर हा हिशेब कामी येतो. काल कुणी सामन्यात पिचिंग केलं का, हे नोंदणीच्या टेबलावरच विचारून घ्या.

प्रश्न : धावण्याच्या वेळेत मुलांमुलांत 0.1 सेकंदाचाच फरक येतो.

होमपासून फर्स्ट बेस 60 फूट म्हणजे 18 मीटर. हाताने घड्याळ दाबताना होणारी चूकच तेवढी असते. होमपासून सेकंडपर्यंत, 120 फूट पळवा. फर्स्टवर वळण कसं घेतो तेही दिसेल. ‘पळ’ म्हटल्यावर नव्हे, मुलाचा पाय हलल्यावर घड्याळ सुरू करा. घड्याळ आणि माणूस एकच, दोन धावांतली चांगली वेळ धरा.

प्रश्न : दरवर्षी आडदांड मुलंच निवडली जातात. उपाय?

गुण दिल्यानंतर यादीत जन्ममहिना घाला, आधी नको. वयाची अट पूर्ण करणाऱ्या एकाच गटात अकरा महिन्यांचं अंतर असू शकतं, आणि 9 व्या वर्षी ते खांद्यांत दिसतं. वरची सगळी नावं वर्षाच्या एकाच टोकाची निघाली तर कडेवरच्या मुलांचे शेरे पुन्हा वाचा. पायांचे आणि ग्लोव्हचे गुण चांगले, पण फेक आणि फटका कमी, अशी मुलं तिथेच सापडतात. उलट, एकदम उंच झालेलं मूल काही महिने अवघडल्यासारखं खेळतं. मागच्या हंगामातल्या नोंदी असतील तर त्या चाचणीपेक्षा वजनदार माना.

बेरजेत एक-दोन गुणांचा फरक उन्नीस-बीस समजा. नक्की, नक्की नाही आणि मधले, असे तीन ढीग करा. मधल्या सहा-आठ जणांना परत बोलवा आणि 20 मिनिटं खराखुरा खेळ खेळवा.

प्रश्न (एका आईचा) : मुलगी घाबरून पहिले दोन चेंडू सोडते. परीक्षकांना आधी सांगू का?

सांगायची गरज नाही. सहा ग्राउंडर ठेवले आहेत ते यासाठीच. तिला अर्धा तास आधी न्या म्हणजे हात गरम होईल, आणि वापरून मऊ झालेलाच ग्लोव्ह द्या. चाचणीसाठी घेतलेला नवा ग्लोव्ह मिटत नाही, चेंडू आत येऊन बाहेर पडतो.