पानं टाकायला शिका : ऑनलाइन पोकरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी टेक्सस होल्डेमचे नियम दिले होते, म्हणजे प्रत्येकाला दोन पानं, मग मधे सगळ्यांसाठी सामाईक फ्लॉपची तीन, टर्नचं एक, रिव्हरचं एक, आणि या सातातून सगळ्यात भारी पाच. त्यानंतर बरेच प्रश्न आले, त्यातले हे काही.

प्रश्न : नियम पाठ झालेत, फ्लश-स्ट्रेट सगळं कळतं, तरी खेळायला बसलो की तासाभरात चिप्स संपतात. नक्की कुठे चुकतंय?

उत्तर : तुम्ही डाव किती खेळता ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की जवळपास प्रत्येक. नवीन माणसाचं नव्वद टक्के इथेच चुकतं. हातात जोडी साधारण 17 डावांत एकदा येते, एक्क्यांची जोडी तर 221 डावांत एकदा, आणि जोडी नसलेली दोन पानं घेऊन फ्लॉप बघितला तर तीनातल्या दोन वेळा काहीच जुळत नाही. म्हणजे बरीचशी पानं टाकायचीच असतात, फोल्ड करणं हाच खेळ आहे आणि तो कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक घुसतात. सहा जणांच्या टेबलवर चारातला एक डाव खेळलात तरी भरपूर झालं, नऊ जण असतील तर त्याहून कमी.

एक्का-सत्ती, एक्का-अठ्ठी या पानांपासून विशेष जपा. फ्लॉपला एक्का आला की जीव भांड्यात पडतो, पण समोर एक्का-राजा घेऊन कुणी बसला असेल तर तुमचा एक्का त्याच्या एक्क्याइतकाच, पण सोबतचं पान लहान, आणि मग रिव्हरपर्यंत कॉल करत करत, म्हणजे तो लावेल तेवढे भरत भरत, सगळे चिप्स तिकडे जातात. थोडा जिंकायचा आणि मोठा हरायचा असा हा हॅन्ड आहे.

दुसरं म्हणजे तुम्ही बसलात कुठे. बटनवर, म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या जागेवर, असाल तर फ्लॉपनंतर सगळ्यांचं बघून शेवटी बोलता, ब्लाइंडमधे, म्हणजे पानं बघण्याआधीच ठरलेले चिप्स भरावे लागतात त्या दोन जागांवर (लहान रक्कम स्मॉल ब्लाइंड, साधारण दुप्पट ती बिग ब्लाइंड), असाल तर आंधळ्यासारखं आधी बोलावं लागतं. तीच पानं बटनवर खेळण्यासारखी आणि पहिल्या सीटवर टाकण्यासारखी असू शकतात. आणि सगळ्यांनी फोल्ड करत डाव तुमच्यापर्यंत आणला असेल तर रेज करा, म्हणजे रक्कम वाढवा, नाहीतर पानं टाका, नुसता बिग ब्लाइंडएवढा कॉल करून गुपचूप आत शिरायची सवय लावून घेऊ नका.

प्रश्न : दादा, माझं गणित कच्चं आहे. पॉट ऑड्सचे व्हिडिओ बघितले पण डोक्यावरून गेलं. त्याशिवाय खेळता येत नाही का?

उत्तर : येतं, पण अंदाजपंचे. पॉट म्हणजे मधे जमलेले चिप्स, आणि पॉट ऑड्स म्हणजे ते मिळवायला किती भरावे लागतात त्याचं प्रमाण. अरे गणित पाचवीचंच आहे, एक डाव घेऊ म्हणजे कळेल.

तुझ्याकडे बदामची नव्वी आणि बदामची अठ्ठी. फ्लॉपला बदामचा राजा, बदामची दुर्री, किलवरची राणी. टर्नला इस्पिकची चौकी, काही कामाची नाही. अजून एक बदाम आलं की पाच बदाम, म्हणजे तुझा फ्लश. पॉटमधे 100 चिप्स, समोरचा 50 लावतो. आता तुला 50 भरून एकूण 200 चा पॉट मिळवायचाय, म्हणजे चारात एकदा तरी, 25 टक्के वेळा, जिंकायला हवं. बदामची 13 पानं, चार तुला दिसतायत, उरली नऊ. एकच पान यायचं बाकी असेल तर उरलेल्या पानांना 2 ने गुण, झाले 18 टक्के. खरा आकडा साडेएकोणीसच्या जरा वर आहे, पण टेबलवर 18 पुरतो. 25 हवेत आणि आहेत 18-19, म्हणजे नुसत्या पॉटकडे बघून हा कॉल तोट्याचा. त्याने 50 ऐवजी 25 लावले असते तर 25 भरून 150 चा पॉट, गरज 17 टक्क्यांच्या आत, मग बिनधास्त कॉल.

आता खरी मजा इथे आहे बघ. 50 च्या वेळी सुद्धा कॉल बरोबर ठरू शकतो, जर बदाम आल्यावर तो रिव्हरला तुला अजून पैसे देणार असेल तर. मी हिशोब केला, सरासरी 56 चिप्स तरी रिव्हरला मिळायला हवेत. त्याच्याकडे मागे 30 च उरले असतील तर प्रश्नच मिटला, फोल्ड. 300 असतील आणि तो हातातली चांगली पानं सहजासहजी न सोडणारा असेल तर कॉल. म्हणजे गणित उत्तर देत नाही, समोरच्याबद्दल काय विचारायचं ते सांगतं, आणि मला पोकर आवडायचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

फ्लॉपला असशील तर 4 ने गुणतात, नऊ चोक छत्तीस, खरा आकडा 35. पण ते दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तरच, म्हणजे समोरचा ऑल-इन असेल, त्याने सगळे चिप्स लावलेले असतील तेव्हा. टर्नला परत पैसे भरावे लागणार असतील तर 2 नेच गुण, यात खूप जण फसतात.

प्रश्न : एक्क्यांची जोडी घेऊन आठवड्यात तीन वेळा हरलो. साइटवाले पानं फिरवतात का?

उत्तर : राग समजू शकतो. पण एक्के राजांच्या जोडीविरुद्ध फ्लॉपआधीच ऑल-इन झाले तरी पाच-साडेपाच वेळांत एकदा हरतातच. आणि तुम्ही रेज न करता पाच जणांना आत येऊ दिलंत आणि सगळे शेवटपर्यंत राहिले तर निम्म्याहून जास्त वेळा हराल. शिवाय ऑनलाइन एका टेबलवर तासाला 60 च्या वर डाव होतात, समोरासमोर बसून 25-30 होतात, त्यामुळे जे महिन्याभरात दिसलं असतं ते पंधरा दिवसांत दिसतं.

डोळे मिटून विश्वास ठेवा असंही मी म्हणणार नाही. 2007 मधे एका साइटवर आतल्या माणसाला सगळ्यांची पानं दिसत होती, आणि ते पकडलं खेळाडूंनीच, हॅन्ड हिस्ट्री, म्हणजे खेळलेल्या डावांची नोंद, तपासून. तेव्हा तुमची हिस्ट्री डाउनलोड करा आणि वाचा. मीही सुरुवातीला हरलेल्या एक्क्यांचे स्क्रीनशॉट जमवायचो, नंतर सगळे डाव काढून बसलो तर चिप्स गेले होते स्मॉल ब्लाइंडमधून, 'अर्धे तर भरलेतच' म्हणून केलेल्या शेकडो कॉलमधून. त्या डावांचा एकही स्क्रीनशॉट माझ्याकडे नव्हता.

प्रश्न : दोन-तीन टेबल एकदम लावले तर लवकर शिकता येईल का?

उत्तर : नाही. एकच टेबल, आणि पानं टाकल्यावर मोबाइल न बघता बाकीच्यांचा डाव बघा, कोण काय दाखवतो ते.

प्रश्न : (नाव छापू नका.) हरलेले पैसे भरून काढायला मित्राकडून उसने घेतले, तेही गेले. घरी माहीत नाही. खेळ कसा सुधारू?

उत्तर : आत्ता खेळ सुधारायचा नाहीये, थांबायचंय. आजच साइटवर स्वतःला बंद करून घ्यायची सोय वापरा, सेल्फ एक्स्क्लूजन म्हणतात, आणि अॅप काढून टाका. मग घरातल्या एका माणसाला पूर्ण आकडा सांगा, अर्धा नाही. हात परत परत तिकडे जात असेल तर समुपदेशकाला भेटा, ही त्यांच्या रोजच्या कामातली गोष्ट आहे आणि यातून माणसं बाहेर येतात. उसने पैसे खेळून फेडायचा विचार मनातून काढा, भेदरलेला माणूस फोल्ड करू शकत नाही.

बाकीच्यांसाठी पण सांगतो. आधी तुमच्याकडे कायदा पैशाने खेळायला परवानगी देतो का ते बघा, नसेल तर खोट्या चिप्सवर खेळा, वर लिहिलेलं गणित तिथेही तेच आहे. परवानगी असेल तर साइट पॉटमधून रेक कापते हे लक्षात ठेवा, म्हणजे दोन सारखे खेळाडू एकमेकांशी खेळत बसले तर दोघेही हरतात. एका टेबलवर 100 बिग ब्लाइंड घेऊन बसत असाल तर तसे निदान 20-30 वेळा बसता येईल एवढी रक्कम बाजूला हवी, आणि ती पूर्ण गेली तरी घरात काही अडणार नाही अशी हवी. नसेल तर लहान टेबल घ्या.

प्रश्न : महिनाभर जिंकतोय, मला जमलं असं समजू का?

उत्तर : महिन्यात किती डाव? दोन-तीन हजार असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही, दहा हजारांतसुद्धा नशीब धुमाकूळ घालतं. चांगले खेळाडू तोट्यात दिसतात आणि वाईट खेळाडू फायद्यात. त्यापेक्षा रोज खेळून झाल्यावर ज्या तीन डावांत अडखळलात ते काढा आणि 'तेव्हा मला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर निर्णय बरोबर होता का' एवढंच बघा.

असे अडलेले डाव मलाही पाठवा, पुढच्या वेळी त्यातले दोन घेऊ. कोण कुठल्या सीटवर, कुणाकडे किती चिप्स, कुणी किती लावले हे सगळं लिहा. शेवटी कोण जिंकलं ते मात्र लिहू नका.