दर सेकंदाला ५० मिलिसेकंद कुठे गळतात?

प्रश्न: केव्हीएमवरच्या (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे गेस्टमध्ये, प्रीएम्प्ट-आरटी (ठरल्या वेळेत प्रतिसाद देण्यासाठीचा लिनक्स) कर्नल चालवतो. होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनवर, साधा लिनक्स ५.१५ आहे. व्हीसीपीयू (गेस्टचे आभासी प्रोसेसर) वेगळ्या काढलेल्या कोअरवर पिन केलेत, फिफो (साध्या कामांच्या आधी धावणारा रिअल-टाइम वर्ग) प्राधान्य १ दिलंय, गेस्टला 'आयडल=पोल' (रिकामं असतानाही न झोपता फिरत राहा). सायक्लिकटेस्ट (काम जागं व्हायला लागणारा उशीर मोजणारी चाचणी) एरवी छान आकडे देते, पण मधूनच ५० मिलिसेकंदांची उसळी येते. थेट हार्डवेअरवर तोच कर्नल बिनतक्रार चालतो. दोष कुणाचा?

उत्तर: होस्टचा, आणि ५० हा आकडाच चोर दाखवतो. फिफो कामांना एका कोअरवर दर सेकंदाला ९,५०,००० मायक्रोसेकंदच मिळतात. आयडल=पोलमुळे गेस्ट रिकामा असला तरी व्हीसीपीयूचा थ्रेड अखंड फिरतो, कोटा संपवतो आणि उरलेले ५० मिलिसेकंद होस्ट त्याला बाहेर बसवतो. गेस्टला याचा पत्ताच नसतो. त्याला फक्त घड्याळ पुढे उडालेलं दिसतं. होस्टच्या डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'आरटी थ्रॉटलिंग ॲक्टिव्हेटेड' शोधा. ही ओळ बूटनंतर एकदाच छापली जाते, तेव्हा शेपूट न बघता पूर्ण लॉग चाळा.

आधी आयडल=पोल काढून मोजा. जागं व्हायला काही मायक्रोसेकंद जास्त लागतील. बहुतेकांना ते परवडतात. नसतील परवडत, तर होस्टवर 'शेड-आरटी-रनटाइम-यूएस' (हा कोटा ठरवणारी सेटिंग) उणे १ करा, म्हणजे मर्यादाच उठते. मात्र मग त्या कोअरवर अडकलेला होस्टचा केवर्कर (कर्नलची पडद्यामागची कामं करणारा थ्रेड) कायमचा उपाशी राहतो आणि मशीन गोठल्यासारखं वागतं. त्यामुळे कोअर खरोखर रिकामे आहेत ना, ते आधी तपासा.

एवढ्यावर भागणार नाही. होस्टही प्रीएम्प्ट-आरटीच हवा, नाहीतर होस्टच्या कर्नलमधला कोडचा एखादा लांब अखंड तुकडा गेस्टची सगळी शिस्त धुळीला मिळवतो. लिनक्स ६.१२ पासून एक्स८६ आणि आर्म६४ प्रोसेसरवर प्रीएम्प्ट-आरटीसाठी वेगळा पॅच लागत नाही. त्याच आवृत्तीत फेअर सर्व्हर (साध्या कामांना उपाशी न ठेवणारी सोय) आला: साधं काम खरंच ताटकळलं असेल तरच तो कोअर मागतो.

क्यूईमूचे (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) एम्युलेटर थ्रेड, म्हणजे गेस्टची आभासी उपकरणं वगैरे सांभाळणारे थ्रेड, दुसऱ्या कोअरवर पिन करा. ते फिफो व्हीसीपीयूच्याच कोअरवर राहिले तर गेस्ट बूट होतानाच लटकू शकतो: व्हीसीपीयू ज्याची वाट बघत फिरतो, त्यालाच कोअर मिळत नाही. गेस्टची मेमरी लॉक करा, हायपरथ्रेडचा जोडीदार (त्याच कोअरचा दुसरा लॉजिकल सीपीयू) मोकळा सोडा.

प्रश्न: हे सगळं केलं, तरी क्वचित १००-२०० मायक्रोसेकंदांचे काटे येतात.

उत्तर: गेस्ट बंद करून होस्टवर तासभर एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट (हार्डवेअरमुळे होणारा उशीर शोधणारं साधन) चालवा, थ्रेशोल्ड १० मायक्रोसेकंद. तिथेही काटे दिसले तर संशय एसएमआयवर (बायोस-फर्मवेअर कामाला लावणारा इंटरप्ट). तो कर्नललाही रोखता येत नाही. बायोसमधल्या पॉवर आणि लेगसी यूएसबीच्या सेटिंग्जपासून सुरुवात करा.