वाचकांचे प्रश्न : सोलापूरच्या उन्हात अमेरिकी व्ही-८

जुन्या अमेरिकी गाड्यांबद्दल, विशेषतः व्ही-८ म्हणजे दोन रांगांत आठ सिलिंडर असलेल्या इंजिनांबद्दल, सोलापूर आणि आसपासच्या वाचकांची पत्रं आली. त्यांतली सात या वेळी घेतली आहेत. उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून उष्णतेच्या तक्रारीला जागा जास्त दिली.

प्रश्न : १९६६ ची मस्टँग आहे, २८९ घन इंचाचं इंजिन. सकाळी पहिल्या किल्लीला चालू होते. एप्रिल लागला की दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला बंद पडते. कधी घरी लावून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करायला गेलं तर नुसता स्टार्टर फिरतो आणि पेट्रोलचा वास येतो. मेकॅनिकच्या सांगण्यावरून दोन कॉइल बदलल्या, फरक नाही.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कॉइलचा पिच्छा सोडा. तुमच्या पत्रात दोन निरनिराळे दोष आहेत. सिग्नलला बंद पडणं म्हणजे पंपाच्या अलीकडे नळीत पेट्रोलची वाफ होणं. पंप वाफ ओढू शकत नाही, कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) रिकामा पडतो. गाडी लावल्यानंतरचा वास म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांत, सांडणं. पहिल्यात इंजिन उपाशी राहतं, दुसऱ्यात त्याला अजीर्ण होतं. त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

ओळखायचं कसं? एअर क्लीनर काढा, इंजिन बंद असताना कार्बोरेटरच्या घशात बघत थ्रॉटल हाताने एकदा पूर्ण उघडा. दोन बारीक धारा सरळ खाली पडायला हव्यात. धारा आल्या नाहीत तर वाटी रिकामी आहे. धारा न मागताच आतली भिंत ओली चकचकीत दिसत असेल आणि थ्रॉटलच्या पात्यावर पेट्रोल साचलं असेल, तर ते सांडलेलं आहे. सांडलेलं असताना पॅडल पंप करू नका. पॅडल तळापर्यंत दाबून धरा आणि स्टार्टर मारा, पाच-सात सेकंदांत हवा जाऊन इंजिन धरतं.

आता कायमचे उपाय, आमच्या मते ज्या क्रमाने करावेत त्या क्रमाने. कार्बोरेटरखाली अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुताचा, फिनॉलिकचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) स्पेसर. अॅल्युमिनियमचा घेऊ नका, तो उष्णता वरच पोचवतो. बसवण्याआधी एअर क्लीनरवर मातीचा गोळा ठेवून बोनेट हळूच बंद करून बघा, जागा किती उरते ते कळतं. दुसरं, इंटेक मॅनिफोल्डच्या मधून एक्झॉस्टचा गरम वायू नेणारी जी वाट असते ती बंद करणाऱ्या गॅस्केट मिळतात. ही वाट बर्फाळ हवेसाठी होती. सोलापूरच्या डिसेंबरातही तिचा काही उपयोग नाही. तुमच्या २८९ ला चोकची (थंड इंजिन चालू करताना हवा अडवणाऱ्या झडपेची) उष्णता एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून येते, म्हणून चोकला धक्का लागत नाही. शेवरलेत चोकची स्प्रिंग इंटेकमध्येच बसवलेली असेल तर ही वाट बुजवल्यावर इलेक्ट्रिक चोक लावावा लागेल. तिसरं, पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची नळी इंजिनच्या धातूला कुठे टेकते ते हात फिरवून बघा. तीन फांद्यांचा फिल्टर लावून जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवणारी नळी टाकली तर वाफेचा त्रास बहुतेक संपतो, कारण पेट्रोल गरम जागी थांबतच नाही. रस्त्यात अडकलात तर इंजिन थंड होऊ द्या, मग पंपावर ओलं फडकं ठेवा. हा जुना उपाय खरंच चालतो.

पेट्रोल पंपावर मिळणारं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यात भर घालतं. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) दोन नंबरनी वाढवा, पन्नास-साठ किलोमीटर चालवा आणि प्लग काढून बघा. चिनी मातीचा भाग पांढराफटक असेल तर अजून एक नंबर वाढवा, फिकट तपकिरी असेल तर थांबा. साधी काळी रबरी नळी ई-२० मध्ये मऊ होऊन आतून सुटते, तिचे कण फ्लोटच्या सुईखाली अडकतात. नळीवर ३०आर९ असा छाप असेल तरच घ्या. पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधला पिचकारीचा रबरी कपही इथेनॉल सोसणाराच हवा.

प्रश्न : आजोबांची १९५० च्या सुमाराची डॉज घरी उभी आहे. ही मसल कार म्हणायची का? नवी बॅटरी लावल्यापासून अँपिअरचा काटा उलटा जातो.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मसल कार नाही. तो शब्द साधारण १९६४ नंतरच्या, मध्यम आकाराच्या गाडीत मोठं व्ही-८ बसवून विकलेल्या मॉडेलांसाठी वापरतात. त्या वर्षी पॉन्टियाक जीटीओ ३८९ घन इंचाचं इंजिन घेऊन आली आणि बाकीच्यांनी तोच रस्ता धरला. तुमची डॉज सहा सिलिंडरची, साइड व्हाल्व्हची, शांत गाडी आहे. पण तिचं सोलापूरशी नातं आहे. १९४७ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात, आणि तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. अशी गाडी घरात आहे तर तिला उभी सडू देऊ नका.

काट्याचं कारण सोपं आहे. क्रायसलरच्या या गाड्या १९५५ पर्यंत सहा व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. तुमच्याकडे कोणी तरी सवयीने ऋण टोक बॉडीला लावलं आहे. बॅटरी सहा व्होल्टचीच आहे ना, हे आधी बघा. मग टोकं फिरवा आणि इंजिन चालू करण्याआधी डायनामो पोलराइज करून घ्या, म्हणजे त्याच्या चुंबकाची दिशा बॅटरीला जुळवून घ्या, नाहीतर कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा स्विच) जळेल.

प्रश्न : १९६९ च्या शेवरलेत ३५० घन इंचाचं इंजिन आहे. एका बाजूने टकटक येते, ॲक्सिलरेटर दिला की कार्बोरेटरमधून फटफट उलटं येतं. गेल्या वर्षी महागातलं सिंथेटिक ५डब्ल्यू-३० तेल घातलं होतं. कॅम झिजला म्हणतात. सोलापुरात कॅमशाफ्ट इतके बनतात, तर इथेच भरून ग्राइंड करून मिळेल का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : कार्बोरेटरमधून उलटं येणं बऱ्याचदा एक्झॉस्टचा लोब, म्हणजे व्हाल्व्ह उघडणारा कॅमवरचा उंचवटा, झिजल्याचं लक्षण असतं. जळालेला वायू बाहेर पडत नाही आणि इंटेक उघडला की तिकडून निघतो. खात्री करा. व्हाल्व्ह कव्हर काढा, डायल गेज पुशरॉडच्या (लोबची उचल वर व्हाल्व्हकडे नेणाऱ्या दांडीच्या) डोक्यावर धरा आणि इंजिन हाताने फिरवा. ३०० अश्वशक्तीच्या मूळ ३५० मध्ये इंटेकचा पुशरॉड ०.२६० इंच उचलला जातो, एक्झॉस्टचा ०.२७३. सोळाही मोजून कागदावर लिहा. एखादा पाव मिलिमीटरनेही मागे असेल तर तो लोब गेला.

आणखी एक बारकी खूण सांगतो. प्रत्येक पुशरॉडवर खडूने उभी रेघ मारा आणि इंजिन मंद चालवून रेघेकडे बघत राहा. चांगला पुशरॉड सावकाश गरगरत असतो. रेघ जागच्या जागी नुसती वरखाली होत असेल तर खालचा टॅपेट (लोबवर टेकणारा गोल ठोकळा) फिरायचा थांबला आहे आणि तो लोब खातो आहे. या इंजिनांत टॅपेटचं तोंड सपाट दिसतं खरं, पण ते किंचित फुगीर घासलेलं असतं, आणि लोबला एका बाजूला इंचाच्या हजाराव्या भागाएवढा उतार असतो. त्या उतारामुळेच टॅपेट फिरतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते.

म्हणूनच लेथवर वेल्डिंग भरून डोळ्याच्या अंदाजाने घासलेला कॅम टिकत नाही. पॉवरलूमचे सुटे भाग करणारे आपले टर्नर बुश, स्टड, पुली उत्तम करून देतात. लोबचा उतार आणि त्याच्या पृष्ठभागाची कठीणता मात्र त्या यंत्रावर साधता येत नाही. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सोलापूरची आहे हे खरं आणि त्याचा अभिमानही वाटतो, पण तिथलं काम गाडी कंपन्यांच्या हजारो नगांचं असतं. एका नगासाठी नवा कॅम आणि सोळा नवे टॅपेट एकत्रच मागवा. जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीही नको.

मूळ कारण बहुधा तेलाचं. लोब आणि टॅपेट यांच्यामध्ये जस्त-फॉस्फरसचा थर लागतो. नव्या गाड्यांच्या ५डब्ल्यू-३० सारख्या तेलांत सायलेन्सरमधला कॅटलिस्ट जपण्यासाठी फॉस्फरस ८०० पीपीएमच्या आत ठेवतात. या इंजिनाला १००० ते १२०० हवा. डिझेल ट्रकचं सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० हा आपल्याकडे सहज मिळणारा चांगला पर्याय आहे. फिल्टरसकट पावणेपाच लिटर लागतं. बाटलीतली जस्ताची भर वरून ओतू नका, प्रमाणाबाहेर गेलं तर तेही धातू खातं.

नवा कॅम बसवताना लोबवर मॉलिब्डेनमचा लेप लावा. डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) काढून लांब चपट्या दांड्याने, ड्रिल मशीन घड्याळाच्या दिशेने फिरवून, सोळाही रॉकरवर तेल येईपर्यंत तेलाचा पंप चालवा. कार्बोरेटर भरलेला आणि टायमिंग जवळपास बरोबर असू द्या, म्हणजे इंजिन लगेच धरेल. धरताच २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मंद सोडायचं नाही, कारण मंद गतीत लोबवर तेल कमी उडतं. मग तेल बदला आणि फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. करडी पूड थोडी चालेल. चमचमणारे तुकडे दिसले तर पुढे चालवू नका.

प्रश्न : नव्या प्लग वायरी टाकल्यावर व्ही-८ शेवरलेत मिसिंग (मधूनच सिलिंडर न पेटणं) सुरू झालं. वायरींचा क्रम तीनदा तपासला.
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असेल तर वायरींची मांडणी बघा. शेवरलेत ५ आणि ७ शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. दोन्ही वायरी एकाच क्लिपमध्ये चिकटून गेल्या तर ५ चा झटका ७ मध्ये उतरतो. त्या एकमेकींपासून इंचभर लांब घ्या किंवा एकीला दुसरीवरून आडवी न्या. मेकॅनिकने फोर्ड २८९ चा क्रम लावला नाही ना, तेही बघा. तो १-५-४-२-६-३-७-८ आहे, डेल्को उलटा फिरतो आणि सिलिंडरांचे नंबरही वेगळे मोजतात.

प्रश्न : रेडिएटर दोनदा साफ केला, तरी महामार्गावर उष्णतेचा काटा वर जातो. गावात ठीक.
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : गावात ठीक आणि वेगात गरम, म्हणजे पंख्याचा दोष नाही, पाणी फिरत नाही. रेडिएटरची खालची रबरी नळी पिळून बघा. आत तारेची स्प्रिंग असायला हवी. ती गंजून गेली असेल तर वेगात पंपाच्या ओढीने नळी चपटी होते, आणि गाडी उभी करून बघेपर्यंत पुन्हा फुगते. नळी ठीक असेल तर इंजिनच्या ब्लॉकचे दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग काढा. पाणी यायला हवं. न येता घट्ट लाल चिखल दिसला तर रेडिएटर कितीही साफ करा, अडथळा ब्लॉकमध्येच आहे. बोअरचं पाणी या इंजिनात घालू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्याची खपली आतून बसते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, थर्मोस्टॅट ८२ अंशांचा. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नव्हे.

प्रश्न : मस्टँग विकत घ्यायची आहे. विकणारा मूळ व्ही-८ म्हणतो. कसं ओळखू? विंटेज नोंदणीचं काय?
— एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : आधी चाकाचे नट मोजा. १९६५-६६ च्या मस्टँगला सहा सिलिंडरला चार नट, व्ही-८ ला पाच. मग चासी नंबरचं पाचवं अक्षर बघा. टी म्हणजे २०० घन इंचाचं सहा सिलिंडर, सी आणि ए म्हणजे २८९. नंबर टी आणि बोनेटखाली व्ही-८ असेल तर इंजिन नंतर टाकलेलं आहे. अशी गाडी वाईट नसते, पण ती मूळची म्हणून पैसे मोजू नका.

नोंदणीतही याचा संबंध येतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज फिरवायची असेल तर आधीची एमएच-१३ सारखी चालू नोंदणी असलेलीच गाडी शोधा. परदेशातून आलेली असेल तर सीमाशुल्क भरल्याची पावती पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

प्रश्न : १९६८ च्या प्लिमथचे डाव्या चाकाचे दोन स्टड टायरवाल्याने तोडले. मशीन लावलं होतं. गंजले होते का?
— एक वाचक, आसरा चौक

उत्तर : गंज नाही, आटे उलटे आहेत. क्रायसलरच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उजवीकडे फिरवल्यावर सुटतात. स्टडच्या टोकावरची धूळ पुसून बघा, एल अक्षर कोरलेलं दिसेल. नवे स्टडही एल छापाचेच घ्या, एकाच चाकात दोन्ही प्रकार मिसळू नका. नटला पाना तीन-चतुर्थांश इंचाचा, १९ मिलिमीटरचाही चालतो. पण बाकी गाडीवर मिलिमीटरचे पाने लावू देऊ नका. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि दोन झटक्यांत कोपरे गोल करतो. नट हाताच्या पान्यानेच काढायचे, आणि डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगाने उलटा बाण काढून ठेवा, म्हणजे पुढचा टायरवाला विचारल्याशिवाय मशीन लावणार नाही.