एफजे नळीतून ग्लासभर दूध एकदम का सोडायचं नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मामाजींचं जठर कॅन्सरमुळे पूर्ण काढलंय, पोटावर एफजे नळी (फीडिंग जेजुनोस्टॉमी, म्हणजे पोटातून थेट लहान आतड्यात अन्न सोडायची नळी) आहे आणि डॉक्टरांनी ताशी ६० मिलीने फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, चालवायला सांगितलंय. भेटायला येणारे मात्र म्हणतात, "थेंब थेंब काय देता जी, ग्लासभर दूध सोडा ना एकदम, ताकद येईल." शिवाय आतडं कापून वर अन्ननळीला जोडलं, तर ते पुढे कमी पडेल का, ही तुमची काळजी. मी नागपुरातच सर्जरी वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर होते. हे दोन्ही प्रश्न तिथे पलंगापाशी रोजचेच.

एफजे नळीचं आतलं टोक जेजुनममध्ये असतं, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागात. जठरानंतर साधारण २५ सेंटीमीटरचं ड्युओडेनम, मग दोन-अडीच मीटर जेजुनम, आणि उरलेलं इलियम. जेजुनम आणि इलियम यांच्यामध्ये नेमकी हद्द अशी नाहीच, एकातून दुसरं कधी सुरू झालं ते कळत नाही. पण वरच्या टोकाचं जेजुनम सर्जन बरोबर ओळखतात. ते जाड, रुंद आणि जास्त लालसर असतं, आणि आतून त्याला दाट आडव्या घड्या असतात. त्या घड्यांवर केसासारखे बारीक उंचवटे, त्या उंचवट्यांवर आणखी बारीक. पीठ, साखर, प्रथिनं, तेल-तूप यांचं बहुतेक शोषण इथेच उरकतं. आतल्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात, म्हणून पोषण थांबलं की अस्तरालाही त्याची झळ लवकर बसते. सलाईनवर ठेवण्यापेक्षा आतड्यातून फीड द्या, असं डॉक्टर का म्हणतात त्याचं एक कारण हे.

मग एवढं शोषणारं आतडं असून ग्लासभर दूध का नको? कारण साठवणं हे त्याचं कामच नाही. ते काम जठराचं. जठर म्हणजे गच्चीवरची टाकी समजा: लिटर-दीड लिटर आत घेते आणि खालच्या तोटीतून थोडं थोडं सोडते. मामाजींची टाकीच काढली आहे, आणि नळी तर तोटीच्याही पुढे आहे. तिथे २०० मिली गोड, घट्ट फीड सिरिंजने ढकललं की ते पातळ करायला शरीर रक्तातलं पाणी आतड्यात ओढतं. जेजुनममधून पाणी दोन्ही बाजूंनी पटकन ये-जा करतं. पोट फुगतं, मुरडा येतो, जुलाब होतात, माणूस घामाघूम होतो, छाती धडधडते. याला डम्पिंग म्हणतात. कधी त्रास तासा-दोन तासांनीही होतो, तेव्हा साखर एकदम खाली येऊन हातपाय थरथरतात. ताकद येणं दूरच, पेशंट आणखी गळून जातो. चिठ्ठीवर ताशी ६० लिहिलंय ना, मग ६०च. वाढवायचं ते डॉक्टरांना विचारून.

आतडं कमी पडण्याचं म्हणाल, तर नाही पडत. या ऑपरेशनमध्ये जेजुनम फेकून देत नाहीत, नुसतं मध्ये कापून त्याची जोडणी बदलतात. खालचं टोक वर नेऊन अन्ननळीला शिवतात आणि पित्त आणणारं टोक पुढे चाळीस-साठ सेंटीमीटरवर बाजूने जोडतात. जठर पूर्ण काढून माणूस जगवण्याचं पहिलं यश १८९७ मध्ये झुरिकच्या श्लाटर यांना मिळालं, तेव्हाही अन्ननळी जेजुनमलाच जोडली होती. एकूण लहान आतडं दोन मीटरच्या खाली गेलं तर खरी ओढाताण सुरू होते, आणि मामाजींचं तसं नाही. कमी पडणारी गोष्ट वेगळीच आहे: बी १२. ते शोषलं जातं पार खाली, इलियमच्या शेवटी, पण त्यासाठी लागणारा एक घटक जठर बनवायचं. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा उघडी पडते, आणि तोवर सगळे इंजेक्शन विसरलेले असतात. ते जन्मभर लागेल, फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. लोहाचीही तपासणी अधूनमधून करत राहा.

आता नळीचं. फीड सुरू करण्याआधी आणि संपल्यावर ३० मिली उकळून गार केलेलं पाणी. सलग चालू असेल तर दर चार तासांनी. उशाकडची बाजू उंच. गोळ्या एकेक करून अगदी बारीक कुटायच्या, दोन औषधांच्या मध्ये पाणी, फीडमध्ये मिसळायच्या नाहीत. काही गोळ्या कुटायच्याच नसतात (हळूहळू विरघळणाऱ्या, वेष्टनवाल्या), तेव्हा प्रत्येक गोळीचं नाव घेऊन डॉक्टरांना विचारा. जुलाब लागले की सगळे फीडला दोष देतात, पण औषधाच्या सिरपमधलं सॉर्बिटॉल (गोडीसाठी घातलेला पदार्थ) हेही जुलाब करतं, तेही तपासायला सांगा.

आणि संत्री. आपल्याकडे पेशंटला भेटायला येताना पिशवीभर संत्री आणतात, प्रेमाने कोणीतरी रस काढतं आणि नळीत घालतं. दुधाच्या फीडमागोमाग आंबट रस गेला की नळीतच दही होतं. एफजे नळी बारीक असते, चोंदली तर पुन्हा दवाखान्याची वारी. चोंदलीच तर कोमट पाणी सिरिंजने हलकेच आत-बाहेर करून बघा. तार घालायची नाही, जोर लावायचा नाही, कोल्ड्रिंकचा प्रयोगही नको.

मे महिन्यात तर जास्तच जपा. पारा ४५ला टेकला की कूलर लावलेल्या खोलीतही टांगलेलं फीड खराब व्हायला वेळ लागत नाही. पावडरचं किंवा घरी केलेलं फीड चार तासांच्या वर टांगून ठेवायचं नाही, म्हणून थोडं थोडं करा. उरलेलं फ्रिजमध्ये, तेही २४ तास. लाइट गेली आणि फ्रिज बराच वेळ बंद राहिला तर सरळ ओतून द्या, डब्याच्या किमतीकडे बघू नका. घरचं फीड द्यायचं असेल तर आहारतज्ज्ञांनी दिलेल्या मापानेच, दोनदा गाळून.

त्वचेपाशी नळीवर पेनाने खूण करा आणि रोज बघा. खूण सरकली किंवा टाका सुटला तर फीड बंद करून फोन. नळी पूर्ण बाहेर आली तर स्वतः आत ढकलायची नाही. जागेवर स्वच्छ कापड ठेवा आणि लगेच निघा. ते छिद्र काही तासांत आवळायला लागतं, सकाळची वाट बघू नका. ऑपरेशन केलेला दवाखाना रात्री उघडा नसेल तर मेडिकलची (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची) कॅज्युअल्टी आहेच. ताप, न थांबणारी उलटी किंवा पोट दगडासारखं कडक झालं तरी तसंच.

तोंडाने खाणं सुरू झालं की घास लहान, दिवसातून सहा-आठ वेळा, पाणी जेवणासोबत नाही तर अर्ध्या-पाऊण तासाने. तर्री-पोहे कधी खाता येतील हेही तुम्ही विचारलंत, ते पुढे हळूहळू जमेल, पण आधी नुसते पोहे, तर्री नंतर चमचाभर. डम्पिंगचा त्रास तिखटापेक्षा गोडाने जास्त होतो. पाहुण्यांना संत्रा बर्फीचा डबा मामाजींच्या हातात देऊ नका म्हणून सांगून ठेवा.