गुलाबाईची (खानदेशात मुली बसवतात ती पार्वती) मातीची मूर्ती वाळताना का तडकते?
शेतातली नुसती काळी माती वापरली, की तडकणारच. ती पाणी पिऊन फुगते, वाळताना तितकीच आक्रसते. दोन भाग मातीत एक भाग बारीक चाळलेली रेती घाला, वर मूठभर पिंजलेला कापूस मळा (खानदेशात त्याला काय तोटा!), तंतू माती धरून ठेवतात. हात-डोकं जोडताना दोन्ही बाजू काडीने खरवडून मातीची दाट रबडी लावा, नुसतं पाणी नको. हडप्पाच्या मृण्मूर्तींचे दागिनेही असेच वरून चिकटवलेले. काहींचे गळून गेलेत. मूर्तीचं धड दोन बोटांपेक्षा जाड असेल तर खालून पोकरा. पहिले २-३ दिवस सावलीत, ओलसर फडक्याखाली. पंखा लावू नका: वरचा थर आधी आवळतो, आतला ओलाच राहतो, तिथेच चीर जाते.