रतनगड–हरिश्चंद्रगडासाठी सॅक 60 लिटरची घ्यावी की 70 लिटरची?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात तीन दिवसांचा रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड ट्रेक करायचाय, वजन 54 किलो, बजेट दहा हजार, आणि ग्रुपलीडर म्हणतो, "70 ची घे, पुढे हिमालयातही चालेल."

दोन्ही घेऊ नका. 40 ते 45 लिटर पुरे. 70 लिटरची सॅक रिकामीच दोन-सव्वादोन किलोंची असते आणि तिच्यात जागा उरली की घरातली माणसं ती भरतात. शिवाय रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर रुंद सॅक कठड्याला घासते आणि आडवी बांधलेली मॅट अडकतेच. कात्राबाईच्या बाजूला कारवीच्या दाट झुडपांत शिरलात की तीच मॅट दर दहा पावलांना मागे ओढते. मॅट बांधायचीच असेल तर उभी बांधा.

खरं तर उत्तर इथे संपलं. पण "वजनाची सवय होते" हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं की मला गप्प बसवत नाही, आणि तुमच्या लीडरनेही ते म्हटलेलं दिसतंय. आमचे भावोजी गेली कित्येक वर्षं हेच म्हणतात. वर पुस्ती असते, "बायकांना झेपत नाही म्हणून तुम्ही हलकं हलकं करता." तर शेवटी त्यांची भरलेली सॅक हॉलमध्ये वर्तमानपत्रावर रिकामी केली आणि एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. बेरीज 20 किलोंच्या वर गेली. नेमकं काय निघालं ते लिहिते, कारण तुमच्या लीडरच्या सॅकमध्येही थोड्याफार फरकाने हेच असणार.

सॅक 2.3 किलो. चार माणसांचा फायबरग्लास काड्यांचा तंबू 3.6, आणि झोपणार दोघं. स्लीपिंग बॅग 1.9, पिशवीवर मोठ्या अक्षरात "उणे 5". हा आकडा बहुतेक वेळा "एक्स्ट्रीम"चा असतो, म्हणजे कुडकुडत जीव वाचेल इतपत. बघायचा तो "कम्फर्ट"चा आकडा. डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर पारा एक आकडी होतो, शून्याखाली जाण्याची तयारी करायची गरज नाही. कम्फर्ट 8 ते 10 अंशांची साधारण 900 ग्रॅमची बॅग घ्या, आणि जास्त थंडी वाजली तर फ्लीस आणि कानटोपी घालून झोपा. फ्लीस तसंही नेणारच आहात.

योगा मॅट 1.1 किलो. मॅट ही झोपायची वस्तू आहे, योगासनांची नाही. एक्सएलपीई फोमची 10 मिलिमीटर जाड, 180 बाय 50 सेंटिमीटरची मॅट पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास बसते. कात्रीने 120 सेंटिमीटरवर कापलीत तर 180 ग्रॅम. पायांखाली रिकामी सॅक घ्यायची.

एक जास्तीची जीन्स, 750 ग्रॅम. भिजली की वजन जवळजवळ दुप्पट आणि दुसऱ्या दिवशीही ओली. टर्किश टॉवेल 450. अहो, पंचा 120 ग्रॅमचा असतो आणि तासाभरात वाळतो! स्टीलची बाटली रिकामी 500 ग्रॅम, तर एक लिटर पाण्याची विकत मिळणारी बाटली 25-30 ग्रॅम. अशा तीन घ्या, वजन शंभराच्या आत. 20,000 एमएएचची पॉवरबँक 420 ग्रॅम. 10,000 ची निम्म्या वजनाची असते आणि तिच्यातले साधारण 6,000 ते 6,500 फोनला प्रत्यक्षात मिळतात, म्हणजे मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवलात तर तीन दिवस निघतात. चार्जिंगची मोठी हातातली विजेरी 400 ग्रॅम, तर डोक्यावरचा टॉर्च 90, आणि शिडीवर हात मोकळे.

यानंतर निघाला तीन लिटरचा कुकर, 1.4 किलो. इथे खरी लढाई झाली.

त्यांचं म्हणणं, उंचीवर डाळ शिजत नाही. अर्धं खरं आहे. हरिश्चंद्रगड 1424 मीटर. तिथे पाणी साधारण 95 अंशांना उकळतं, म्हणून तूरडाळ रडवते. मग तूरडाळ नेऊच नका! मूगडाळ किंवा मसूर न्या. चौघांना 400 ग्रॅम तांदूळ, 200 ग्रॅम मूगडाळ. मुक्कामाला पोचल्या पोचल्या अर्धा तास भिजत घाला. मग पावणेदोन ते दोन लिटर पाणी, एक उकळी, मंद आचेवर दहा मिनिटं झाकण ठेवून, गॅस बंद, आणि पातेलं पंच्यात नि फ्लीसमध्ये गुंडाळून वीस मिनिटं तसंच. खिचडी मऊ होते. तीन लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं झाकणासकट 350-400 ग्रॅमचं, कुकरच्या पावपटीला थोडं वर.

गॅसचा हिशेबही सोपा आहे. एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळायला आडोशाला 13 ते 15 ग्रॅम गॅस लागतो. 230 ग्रॅमच्या डब्यात पंधरा लिटर पाणी उकळतं. चौघांचे तीन दिवसांचे चहा आणि दोन रात्रींचं जेवण एका डब्यात बसतं, पण वारा लागला तर हाच खर्च दुप्पट होतो. म्हणून दगडांचा आडोसा करा. मात्र बर्नर डब्याच्या डोक्यावर बसणारा असेल तर चहूबाजूंनी पत्रा किंवा दगड लावून डबा कोंडू नका, तो तापून फुटू शकतो. डब्याला हात लावून बघायचं, गरम लागला की आडोसा उघडायचा. तंबूच्या आत पेटवायचा नाही, कितीही थंडी असली तरी.

"पुढे हिमालयातही चालेल" याचं उत्तरही याच डब्यात आहे. साधा ब्यूटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाला, वायू व्हायचा थांबतो. सह्याद्रीत तो मस्त जळतो, बर्फात डबा भरलेला असूनही शेगडी विझते. तिथे आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण लागतं. म्हणजे गॅससुद्धा दोन्हीकडे एक चालत नाही, आणि तुम्ही सॅक एकच घ्यायला निघालात. हिमालयात जाल तेव्हा मोठी सॅक भाड्याने मिळते.

कुकरखाली दोन किलो बटाटे-कांदे होते. बटाट्यात ऐंशी टक्के पाणी, कांद्यात त्याहून जास्त. म्हणजे दीड किलोच्या वर पाणीच गडावर चढवायचं, तेही पिता न येणारं. शेंगदाणे, चिक्की, खाकरे, भाजलेल्या रव्याचं घरी केलेलं उपम्याचं मिश्रण, मेतकूट, खजूर न्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, बटाट्यात ऐंशीच्या आसपास. माणशी दिवसाला 500-600 ग्रॅम कोरडा शिधा भरपूर होतो. आणि या वाटेवर रतनवाडी, कुमशेत, पाचनई ही गावं आहेत; आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की घरगुती पिठलं-भाकरी मिळते. दोन जेवणं गावात घेतलीत तर तितका शिधा खाली राहतो आणि गावात चार पैसे जातात.

तंबूबद्दल माझं मत ग्रुपमध्ये कुणाला पटत नाही, तरी सांगते. पाऊस नसलेल्या महिन्यांत दोघांना 3 बाय 3 मीटरची ताडपत्री पुरते. विकत घेताना रंग नाही, जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. 90 जीएसएमची घेतलीत तर नऊ चौरस मीटरचे 810 ग्रॅम, 250 ची घेतलीत तर सव्वादोन किलो. दुकानदार "मजबूत" म्हणून दुसरीच गळ्यात मारतो. सोबत 3 मिलिमीटरची दहा-बारा मीटर दोरी. गडावर कातळ असतो, खुंट्या शिरत नाहीत. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला मीटरभर दोरीचा फास ठेवायचा आणि त्यात दगड अडकवायचा. कोपऱ्याची रिंग निघाली तर ताडपत्रीत सुपारीएवढा खडा आतून धरून बाहेरून दोरीची गाठ मारा, रिंगेपेक्षा पक्की बसते. तंबूच हवा असेल तर दोघांचा, ॲल्युमिनियम काड्यांचा, सव्वादोन किलोंच्या आतला घ्या आणि दोघांत वाटून न्या. गुहांच्या भरवशावर जाऊ नका, शनिवारी त्या भरलेल्या असतात.

हे सगळं बदललं की अन्न, पाणी, गॅस सोडून तुमचं सामान सहा किलोंच्या आत येतं. दोन लिटर पाणी नि शिधा धरून दहा किलोंच्या आसपास. 54 किलोंच्या माणसाने अंगच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर उचलू नये, तर तुम्ही बसता. "झेपत नाही म्हणून" वगैरे ऐकवणाऱ्याला सांगा की 1955 साली एमा गेटवुड ही 67 वर्षांची आजी खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी बाथरूमचा पडदा घेऊन अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरच्या वरची ॲपलाचियन ट्रेल एकटी चालली होती.

बजेटचं राहिलंच. सगळ्यात आधी बूट. पायातलं एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंइतकं दमवतं, त्यामुळे घोट्याच्या वरपर्यंतचे चामडी बूट या वाटेला नकोत. ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट स्वस्त आहेत आणि कातळावर धरतात. मग मॅट, मग स्लीपिंग बॅग, सगळ्यात शेवटी सॅक. सामान गोळा करून सॅकच्या दुकानात घेऊन जा आणि भरून बघा. मान पुढे वाकवल्यावर जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेपने मोजा. सॅकची पाठ तेवढ्या मापाला बसली पाहिजे. कंबरपट्टा हाडांवर घट्ट केल्यावर खांद्याच्या पट्ट्यांखाली बोट सहज गेलं तर बहुतेक भार कमरेवर आलाय. नाही गेलं तर ती सॅक कितीही हलकी असो, परत ठेवा. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून सामान भरा, नुसतं रेनकव्हर पाठीच्या बाजूने पाणी आत सोडतं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पावसाळ्यात ताडपत्रीचं ऐकू नका. फेब्रुवारीनंतर गडावरची कातळात खोदलेली पाण्याची टाकी आटतात, तेव्हा दोनऐवजी चार लिटर पाणी धरा आणि वरचा हिशेब दोन किलोंनी वाढवा. टाक्याचं पाणी फडक्यातून गाळून, क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास थांबा. गॅसचा डबा ट्रेनमध्ये आणि विमानात न्यायला बंदी आहे, त्यामुळे इगतपुरीला रेल्वेने जाणार असाल तर गाडीने येणाऱ्या मित्राकडे द्या. ही सगळी वाट अभयारण्यातली आहे. चूल-शेकोटी नाही, आणि मुक्कामाचं वनखात्याला आधी विचारा. औषधं, शिट्टी, जास्तीचे मोजे यांत ग्रॅम वाचवू नका.

आणि दोर. भावोजींच्या सॅकच्या तळाशी 30 मीटरचा साडेदहा मिलिमीटर दोर निघाला, 2.1 किलो. अलंग-मदन-कुलंगसारख्या कातळ चढायच्या किल्ल्यांवर जायचं असेल तर दोर, हार्नेस, हेल्मेट सगळं न्या आणि वापरता येणारा माणूसही न्या, तिथे हलकेपणा चुलीत गेला. हरिश्चंद्रगडाच्या पाचनईकडच्या वाटेला मात्र रेलिंग आहे, भावोजी.