चेकबुक कुणाच्या कपाटात आहे?

चि. बाय,

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज आणि करारनाम्याचे चार फोटो सकाळी उठल्या उठल्या पाहिले. चहा तसाच निवत राहिला. पुण्याच्या कंपनीला तुझे काजूगर पसंत पडले, आता तिला 'महिला-मालकीचा उद्योग' असल्याचं प्रमाणपत्र हवंय. दादा म्हणतो, ५१ टक्के तुझ्या नावावर टाकू, ४९ माझ्या, बाकीचं मी बघतो. आणि तू विचारतेस, "काकी, एवढ्यावर भागेल ना?"

पहिल्या तीन फोटोंत वावगं काही नाही. चौथ्यात कलम ११ आहे: 'पेढीच्या बँक खात्यावरील सर्व व्यवहार भागीदार क्र. २ यांच्या एकट्याच्या सहीने चालतील.' क्र. २ म्हणजे दादा. ते वाक्य मी तीनदा वाचलं. बाय, तुझ्या कारखान्याचं चेकबुक कुणाच्या कपाटात राहणार आहे?

आधी नियमाचं सांगते, मग माझं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, १ जुलै २०२० पासून आहे, ती ऑनलाइन होते आणि सरकार तिला एक पैसा घेत नाही. कुणी एजंट त्यासाठी हजार-दोन हजार मागत असेल तर त्याला देऊ नकोस, पॅन आणि आधार घेऊन स्वतः बस. तिथे उत्पादनाचाच कोड निवड. तुम्ही बी वाफवता, फोडता, सोलता, म्हणजे तुम्ही उत्पादक आहात. व्यापारी म्हणून नोंद झाली तर सरकारी खरेदीतल्या सवलती मिळत नाहीत. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करायची, आणि त्या २५ मधले ३ टक्के बायकांच्या उद्योगांकडून, असा २०१८ पासूनचा नियम आहे. निविदेचे कागद फुकट मिळतात, बयाणा रक्कम माफ असते. यासाठी भागीदारीत बायकांचा हिस्सा किमान ५१ टक्के लागतो. तेवढंच पाहिलं तर दादाचं म्हणणं बरोबर आहे, कागद पुरा होतो.

पण तुझ्या कंपनीने मागितलंय ते प्रमाणपत्र वेगळं. वीकनेक्ट इंटरनॅशनलसारख्या संस्था ते देतात आणि त्यांची अट तीन शब्दांची आहे: मालकी, व्यवस्थापन, नियंत्रण. तिन्ही बाईकडे हवं. ते करारनामा वाचतात, बँकेत सही कुणाची चालते ते बघतात, कारखान्यावर येतात. कलम ११ त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. आणि समजा सुटलं, तरी मी तुला हेच सांगितलं असतं. प्रमाणपत्र मिळेल की नाही याची काळजी तू करते आहेस. माझी काळजी दुसरीच आहे.

आपल्याकडच्या धंद्याचं गणित तुला मुंबईच्या कॉलेजात कुणी शिकवलं नसेल. काजूची बी मार्च ते मेच्या मध्यापर्यंत येते. बारा महिने फोडायची बी या दहा आठवड्यांत घ्यायची, वाळवायची, पोत्यांत भरून ठेवायची. चार किलो बीतून एक किलो गर निघतो, म्हणजे वर्षाला दहा टन गर विकायचा तर चाळीस टन बी आधी रोखीने उचलावी लागते. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी मंजूर झालेली उचल, सगळं तिथेच संपतं. या दहा आठवड्यांत ज्याची सही चालते, धंदा त्याचा. उरलेले बेचाळीस आठवडे बाकीचे नुसते राबतात. बागायतदार दारात येऊन उभा राहतो, तू मुठीत बी घेऊन खुळखुळवतेस, एक कापून बघतेस, ओली आहे की वाळलेली ते तुला कळतं आणि भाव तू ठरवतेस. आणि मग त्या माणसाला सांगायचं, "थांबा हां, दादा आला की पैसे देईल"? पुढच्या खेपेला तो बागायतदार तुझ्याशी बोलायला थांबणार नाही, सरळ दादाला फोन करेल.

हे मी ऐकीव सांगत नाही. २००८ साली मी आणि माझ्या थोरल्या दिरांनी मिळून कोकमाचा कारखाना टाकला. करार निम्मा-निम्मा. तेव्हा मला वाटलं होतं, पन्नास टक्के म्हणजे केवढा मान! आमसुलांचं सगळं मी बघायची. रातांबे फोडायचे, सालं मिठात घालायची, उन्हात टाकायची, आगळात बुडवून पुन्हा वाळवायची, असं चार-पाच वेळा. माझ्या हातांचा तांबूस-काळा रंग मे महिन्यात लागायचा तो श्रावणापर्यंत जायचा नाही. बँकेचं दीर बघायचे. "तुका बँकेतला काय कळता," असं ते प्रेमानेच म्हणायचे आणि मी कोऱ्या चेकांवर सह्या करून द्यायची. एका बैठकीत वीस-वीस सह्या.

२०१४ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रातांबे घेऊन बायका आल्या. क्रेट भरलेले, फळ पिकून फुटायला आलेलं, आभाळ काळं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पैसे काढायला बँकेत गेले, तर खात्यात साडेतीन हजार रुपये. दिरांनी मुलाच्या टेम्पोचा पहिला हप्ता भरला होता. चोरी नव्हती ती. चेकवर माझी सही होती, मीच केलेली. त्या बायका क्रेट डोक्यावर घेऊन दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेल्या. त्यांतल्या एकीने वळून माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी पाऊस लागला. तो हंगाम आमचा नव्हताच.

एवढं होऊनही मी करार बदलला नाही. तो माझा गुन्हा. पाच वर्षं मी घरातली शांतता सांभाळत बसले. २०१९ मध्ये एका सरकारी उपक्रमाच्या कँटीनसाठी कोकम सरबताची मागणी निघाली, महिला उद्योगांसाठी राखीव. मी हरखून सीएकडे गेले. त्याने विचारलं, "तुमचा हिस्सा किती?" म्हटलं, पन्नास. तो गप्प झाला. ५१ लागतात. एका टक्क्यासाठी ते काम गेलं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही, कुणाशी बोलले नाही, आणि रात्री ठरवलं.

नवा करार व्हायला चौदा महिने लागले. मी ७० टक्के मागितले, बँकेची सही माझ्या एकटीची मागितली आणि त्यावरून एक पाऊल मागे घेतलं नाही. दिरांनी आधी समजावलं, मग ओरडले, मग बोलणंच टाकलं. त्या वर्षी गणपतीत आरतीला मी मागच्या सोप्यात उभी होते आणि पुढे ये असं मला कुणी म्हटलं नाही. वाडीत अजून बोलतात, तिने घर फोडलं. बोलू देत. टेम्पोचा हप्ता भरला गेला तेव्हा घर फुटलं नव्हतं काय? माझ्या बारा वर्षांच्या राबण्याची किंमत निम्मी आणि सहीची शून्य, तेव्हा ते घर सगळ्यांचं होतं काय? मी बरोबर होते. आज सहा वर्षांनीही मला तेच वाटतं, आणि हे लिहिताना हात थरथरतोय तो पश्चात्तापाने नव्हे. पश्चात्ताप एकच, की हे मी २००८ मध्येच केलं नाही.

मग प्रमाणपत्र मिळालं. तपासणीला आलेल्या बाईंनी फायली पाहिल्या, त्यापेक्षा जास्त वेळ कारखान्यात घालवला. या वर्षी रातांबे काय भावाने घेतले, भाव कुणी ठरवला, ड्रायर कुठून घेतला, कर्जाचा हप्ता किती, सगळं मला विचारलं. मी कागद न बघता सांगत गेले. मग त्या साली निवडणाऱ्या बायकांकडे गेल्या आणि विचारलं, पगार कोण देतं? आमच्या म्हाताऱ्या कामवालीने मानही वर न करता सांगितलं, "काकीच देतत, आणि कोण देतलो?" बाईंनी वही मिटली.

तुझ्याकडे हाच प्रश्न आला तर तुझ्या बायका काय सांगतील?

तू लिहितेस, दादा चांगला आहे, त्याने तुझ्यासाठी मुंबईची नोकरी सोडली. माहीत आहे मला, लहानपणापासून बघते त्याला. म्हणूनच आत्ता बोल. माणूस वाईट निघाला की कोर्ट असतं. माणूस चांगला असतो तेव्हा बाई काही मागत नाही आणि वर्षं निघून जातात. माझे दीरही चांगलेच होते. आणि दादाच्या डोक्यात ही कल्पना कुठून आली तेही मला दिसतंय. पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना, तिच्यात ग्रामीण भागातल्या बाईच्या प्रकल्पाला ३५ टक्के अनुदान, स्वतःचे घालायचे फक्त ५ टक्के. पुरुषाला, तो खुल्या वर्गातला असला तर, २५ आणि १०. त्यामुळे गावोगाव सुनांच्या नावाने कारखाने उघडतात. त्यांतल्या कितीतरी सुनांना आपल्या कारखान्याचा खाते क्रमांकही माहीत नसतो. मला त्यांची कीव येत नाही, राग येतो, कारण मीही तशीच होते. तू त्यांतली होऊ नकोस. एवढी शिकलीस ती कुणाच्या ४९ टक्क्यांना आडोसा द्यायला नाही.

आणखी एक, शेडच्या जागेचं. ती तुझ्या आजोबांच्या सातबाऱ्यावर असेल, आणि आपल्याकडचा सातबारा म्हणजे मुंबईतल्या चुलत्यांपासून वाडीतल्या चुलत आज्यांपर्यंत सतरा नावं. त्यावरून आडून बसू नकोस. ज्यांच्या ताब्यात जागा आहे त्यांच्याकडून पेढीच्या नावाने नोंदणीकृत भाडेकरार कर, बाकीच्यांची संमतीपत्रं घे. भाडं खरोखर भर, दर महिन्याला, बँकेतून, तुझ्या सहीने.

बदल एवढाच करून आण. कलम ११ मध्ये 'भागीदार क्र. १ यांच्या सहीने' असं घाल. दादाला सही हवीच असेल तर दोघांची मिळून ठेव, पण त्याची एकट्याची कधीही नाही. खरेदी, कामगार नेमणं आणि कर्ज काढणं यांचा अंतिम निर्णय तुझा, असं वेगळं कलम घाल. दादाचा पगार ठरव, चांगला ठरव, तो कष्टाळू आहे. आणि नवीन चेकबुक बँकेतून आलं की ते तुझ्या कपाटात ठेव. घरच्या देवघराच्या फडताळात नाही, आईच्या पेटीत नाही. तुझ्या.

दादा रागावेल. दोन दिवस जेवणार नाही कदाचित. त्याला माझ्याकडे पाठव, मी बोलते. नाहीतर रविवारी दोघंही या. रातांबे यायला सुरुवात झाली आहे, मी दिवसभर कारखान्यावरच असेन. येताना करारनाम्याची मूळ प्रत आण, फोटो नको, आणि तुझं पॅनकार्ड. मी कलम कसं लिहायचं ते माझ्या करारावरून दाखवीन. सोमवारी नोटरीकडे जायचं झालं तर साडेदहाच्या आत पोच, नंतर तिथे रांग लागते.

तुझी,
काकी